सँपल फ्लॅटमधलं जेवण

“हाव माय, हॉल मोठा हाय. दोन बेडरूम. सैपाकघर निराळं. गॅलरीतून डोंगर दिसतो. आत्ता मी गॅलरीतच उभी हाय बग,” वनिता फोनवर सांगत होती.

मी आत सोफ्यावर बसून फुकटचं सँडविच खात होतो. घास तोंडातच राहिला. गॅलरीचं काचेचं दार उघडं होतं आणि माझी बायको आईला जे सांगत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. हॉल मोठा होता. दोन बेडरूम होत्या. डोंगर दिसत होता. फक्त घर आमचं नव्हतं.

“ऋतूची खोली पण तयार हाय,” ती पुढं म्हणाली. “लाल गाडीसारखा पलंग हाय तिच्यात. जून लागायच्या आत घिऊन ये तिला. इथल्याच शाळेत घालू. आन् उज्ज्वलाताईला सांग, आता काही गरज न्हाई म्हणावं.”

फोन बंद करून ती आत आली. पदरानं डायनिंग टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

“हे काय बोललीस?” मी विचारलं.

“काय बोलले? हाय ते सांगितलं.”

“वनिता, हे बिल्डरचं हाय.”

“आत्ता हाय,” ती म्हणाली, आणि टेबलावरची प्लॅस्टिकची द्राक्षं सरळ करून ठेवली.

आम्ही तेव्हा भोसरीत थोरल्या भावाच्या खोलीत राहत होतो. खाली दादा, वहिनी, त्यांची पोरं. वर पत्र्याखालच्या माळ्यावर मी आणि वनिता. माळ्यावर बसता यायचं, उभं राहता यायचं नाही. खोलीला लागून प्लेटिंगचं वर्कशॉप होतं, ॲसिडच्या टाक्यांचं. त्या वाफेनं आमची पितळेची भांडी काळी पडायची आणि आमची पोरगी निळी पडायची. ऋतुजा दीड वर्षाची असताना डॉक्टर म्हणाला, हिला जगवायची असेल तर इथून हलवा. वर्कशॉप हलवा असं तो म्हणाला नाही. वर्कशॉप हलत नसतं, माणसं हलवता येतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

पोरीला आम्ही अंबाजोगाईजवळ वनिताच्या माहेरी ठेवलं. माझ्या सासूनं एकच सांगितलं, चांगल्या हवेत स्वतःची जागा करा आणि पोर घेऊन जा. मी चाकणला गिअरच्या कंपनीत कंत्राटी कामगार होतो. कंत्राटदार दर सात महिन्यांनी कामावरून काढायचा, आठवड्यानं परत नव्यानं घ्यायचा, म्हणजे कुणी कायम होऊ नये. अशा माणसाला कोण जागा देतो?

तिकडं पोरगी बोलायला लागली. वनिताचा धाकटा भाऊ बालाजी, तो वनिताला अक्का म्हणायचा आणि मला दाजी. पोरीनं ऐकलं ते उचललं. आईला अक्का, मला दाजी, आणि आजीला माय. सणाला आम्ही गावी गेलो की पळत यायची, “दाजी, खाऊ काय आणलाव?” अख्खं घर हसायचं. मीही हसायचो. वनिता हसायची नाही. तिनं एकदा पोरीला कोपऱ्यात घेऊन शिकवायचा प्रयत्न केला. “मला आई म्हण.” पोरीनं शहाण्या माणसासारखं उत्तर दिलं, “तू तर अक्का हायस.”

आणि मध्ये उज्ज्वला होती, वनिताची थोरली बहीण. लातूरला स्वतःचं घर, अंगण, नवरा जिल्हा परिषदेत. मूलबाळ नाही. ती वर्षभर आईच्या मागं लागली होती. मला द्या, मी शाळेत घालते, नीट सांभाळते, तुम्ही कधीही या बघायला. वाईट बाई नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. सासूनं त्या वर्षी मला स्पष्ट सांगितलं होतं, “जावईबापू, जून लागायच्या आत तुमचं काय ते सांगा. लेकराचं नाव कुठंतरी घालावं लागंल. तुमच्याकडं न्हाई तर मग उज्जीकडं.” म्हणजे जूनपर्यंत जागा झाली नाही तर पोरगी गेली. त्या उन्हाळ्यात वनिताच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता रविवारचं सांगतो, कारण सगळं रविवारीच झालं.

रविवारी वहिनीच्या माहेरची माणसं यायची. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. वहिनी गोड आवाजात म्हणायची, “जा की कुठंतरी फिरून या. जोडीनं फिरायचे दिवस हायत तुमचे.” आम्ही जोडीनं फिरायचो. आधी देवळं झाली, मग बाग. मॉलमध्ये गारव्याला गेलो तर सिक्युरिटीवाला आमच्या मागंमागं फिरायला लागला. मग एकदा पेपरातून एक गुळगुळीत कागद पडला. साइट व्हिजिट, मोफत बस, चहा-नाश्त्याची सोय. वनिता म्हणाली, जाऊ या, बघायला काय जातंय.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी घर बघायला जायला लागलो. चौकातून मिनीबस सुटायची. मी लग्नातला शर्ट घालायचो, वनिता इस्त्रीची साडी. मोशीच्या पुढं, चऱ्होलीकडं, तळेगावच्या बाजूला, जिथं तिथं इमारती उगवत होत्या. नावं सांगत नाही. सगळ्यांची सारखीच असतात, इंग्रजीतली झाडं, इंग्रजीतलं पाणी, इंग्रजीतलं आभाळ. काय विचारायचं ते आम्ही शिकलो. कार्पेट किती, पझेशन कधी, पार्किंग झाकलेलं का उघडं. आमच्याकडं सायकल नव्हती आणि मी पार्किंगबद्दल वाद घालायचो. मग पोहे किंवा इडली, मशीनमधली कॉफी, आणि मग सँपल फ्लॅट.

सँपल फ्लॅट म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी दाखवायला सजवलेलं एक घर. पडदे, पलंग, भिंतीवर हसणारी माणसं, सगळं असतं. सेल्सची पोरगी म्हणायची, “तुम्ही निवांत बघा, सर,” आणि दार ओढून घ्यायची. आम्ही निवांत बघायचो. वनिता ओट्याशी उभी राहायची. मी सोफ्यावर पाय लांब करायचो. ती म्हणायची, “चहा टाकू का?” मी म्हणायचो, “टाक.” मग ती येऊन माझ्याशेजारी बसायची. काही रविवारी ती पलंगावर माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायची, दार वाजेपर्यंत. माळ्यावर आम्हाला तेही जमत नव्हतं, खाली पोरं जागी असायची. कुणाला ही गंमत वाटत असेल तर वाटो.

मोशीच्या पुढचं ते लाल पलंगाचं घर वनिताला जास्त आवडलं. त्यानंतर आम्ही दुसरीकडं गेलोच नाही. तिथली सेल्सची पोरगी तन्वी आम्हाला ओळखायला लागली. बिचारीला वाटायचं, इतक्या वेळा येतात म्हणजे बुक करणार. आणि मग तो फोन झाला, गॅलरीतला.

मी वनिताला म्हणालो, आईला खरं सांग. ती म्हणाली, “खरं सांगितलं तर लेकरू लातूरला जाईल.” मी म्हणालो, “मग आई इथं आल्यावर काय दाखवशील?” ती म्हणाली, “हेच.” मला वाटलं, म्हातारी कुठली येतेय एवढ्या उन्हात. म्हातारी आली.

शनिवारी संध्याकाळी सासू ऋतुजाला घेऊन पिंपरीच्या स्टँडवर उतरली. एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात मोठी बॅग, खांद्याला पिशवी. रात्र दादाच्या खोलीत काढली. वनितानं सांगितलं, नवीन घरात अजून लाइट यायची आहे, म्हणून इथंच झोपू, उद्या दाखवते. सासूनं माळ्याची शिडी वरपासून खालपर्यंत बघितली.

सकाळी मिनीबस आली. तिच्या अंगावर प्रोजेक्टचं चित्र होतं. “ही कुणाची गाडी?” सासूनं विचारलं.

“सोसायटीची,” वनिता म्हणाली.

“फुकट?”

“आपल्यासाठी फुकट.”

सासूनं मान हलवली. पोरगी खिडकीला नाक लावून बसली होती. प्रत्येक उंच इमारत दिसली की विचारायची, “अक्का, हे तुझं घर?” “हे न्हाई. पुढं हाय.” “हे?” “पुढं.” वनिताचा चेहरा मी बघत होतो. मी तिला तितकी खूश पुन्हा कधी बघितली नाही. आधीही नाही.

वनितानं तन्वीला आधीच सांगून ठेवलं होतं, आई येणार आहे, तिला घर दाखवायचंय, तिनं पसंत केलं की ठरवू. तन्वी ब्लेझर घालून दारातच उभी. “या आजी, या. घर बघायला आलात ना?” त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून सासूलाही काही खटकलं नाही. दारात बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या दिल्या.

“घरात शिरायला पायाला पिशव्या?” सासू म्हणाली.

“फरशी नवी हाय, माय.”

“आन् घरमालकीण पण घालती?”

“सगळे घालतेत,” वनिता म्हणाली आणि स्वतः घातल्या. सासूनं पिशव्या परत दिल्या, चपला काढल्या आणि अनवाणी आत गेली. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. पिशवीतून हळदीकुंकू काढून चौकटीला दोन बोटं ओढली. तन्वीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “आमच्यात असं असतं. पुसून देतो नंतर.”

पोरगी तोवर लाल पलंगावर होती. चाक फिरवत होती, तोंडानं आवाज काढत होती. “दाजी, बसा मागं. लातूर, लातूर, लातूर.” मी मागं बसलो. तिनं मला कुठं कुठं नेलं. वळणावर मला म्हणाली, “घट्ट धरा.” मी तिच्या कमरेला धरलं. तिचा फ्रॉक घामानं ओला होता, आणि धाप लागत नव्हती. मी कान लावून ऐकलं. श्वास मोकळा होता.

स्वयंपाकघरात सासू नव्या घरात लेकीसाठी माय जे करते ते करत होती. येताना शेर-दोन शेर ज्वारी आणली होती, मीठ आणलं होतं. ओट्यावरची काचेची बरणी तिनं उघडली. आत शोभेला तूरडाळ होती. तिनं वास घेतला.

“वने, डाळीला सोंडे झालेत की.”

“उद्या निवडते.”

तिनं डाळ बाजूला ओतली, बरणीत ज्वारी भरली. मग पिशवीतून दुधाची बाटली काढली. नव्या घरात दूध उतू घालायचं होतं. “शेगडी पेटव.”

“सिलेंडर यायचाय, माय.”

“बरं. मग पातेलं तरी इसळून ठिव.” सासूनं नळ फिरवला. नळ फिरत राहिला. पाणी नाही, हवेचा आवाजही नाही. तिनं वाकून खाली बघितलं. नळाला पाइपच नव्हता.

“उद्या जोडणार हायत,” वनिता म्हणाली.

“हाव का,” सासू म्हणाली. तिनं नळ परत नीट बंद केला. वाहतं पाणी असल्यासारखा घट्ट बंद केला.

एवढ्यात दार उघडून एक कुटुंब आत आलं, नवरा-बायको आणि म्हातारा. सरळ बेडरूममध्ये गेले. बाईनं कपाट उघडलं, नवऱ्यानं भिंतीवर टकटक केलं.

“हे कोण?” सासूनं हळूच विचारलं.

“शेजारी. बघायला आलेत.”

“शेजारी कपाटं बी उघडतेत?”

“शहरात चालतं माय.”

ते गेले. सासूनं हॉलमध्ये फरशीवर फडकं अंथरलं आणि डबा सोडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, पोरीसाठी गूळ-तूप. “बसा. नव्या घरात आधी जेवावं.” डायनिंग टेबलावर चिकटवलेली ताटं होती, चकचकीत काटे-चमचे होते. आम्ही त्याच्या पायाशी खाली बसलो. पोरगी येऊन वनिताच्या मांडीवर बसली, कुणी न सांगता. वनितानं तिला घास भरवला. पोरीनं अर्धा चावून परत वनिताच्या तोंडात कोंबला. सासू माझ्याकडं बघून म्हणाली, “घ्या की जावईबापू, आणखी एक. कंपनीत काय खायला मिळतंय का न्हाई? गालफडं बसलेत.” मी घेतला. खिडकीतून वारं येत होतं, त्याला ॲसिडचा वास नव्हता. आम्ही चौघंच एकत्र जेवलो असं ते पहिलंच जेवण.

तन्वी डोकावली. “सर, सॉरी, इथं खाणं अलाउड नाही.”

“पाच मिनिटं मॅडम,” वनिता म्हणाली. “होतच आलं.”

“मॅनेजर सर राउंडला आहेत, मॅडम, प्लीज.”

आम्ही आवरायला लागलो. सासू फडकं झटकायला गॅलरीत गेली. मी सांडलेलं दही रुमालानं पुसत होतो. पोरगी कुठं गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग आतून बाईचा आवाज आला. तेच कुटुंब दुसऱ्यांदा बघायला आलं होतं, आणि ती बाई बाथरूमच्या दारातून नाक धरून मागं सरली. “अहो मॅडम, हे काय आहे? इथं कुणीतरी…” पुढचं तिनं सांगितलं नाही. वासानं सांगितलं.

पोरगी कमोडवर बसली होती, एका हातानं कडा धरून. गावी तसलं नसतं, पण अंगणवाडीतल्या बाईंनी शिकवलं होतं म्हणे, कसं बसायचं ते. तिनं नीट केलं होतं सगळं. झालं की बटण दाबायचं, म्हणून ती मागं वळून बटण दाबत होती. पुन्हा पुन्हा दाबत होती. पाणी येत नव्हतं. तिनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “अक्का, पाणी न्हाई.”

वनितानं तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि मुस्काटात मारली.

पोरगी रडली नाही लगेच. आधी तिला काय झालं तेच कळलं नाही. मग गालावर हात गेला. मग रडली.

“घाण केलीस सगळी,” वनिता ओरडत होती. “नव्या घरात घाण केलीस. लोक काय म्हणतील?”

मॅनेजर धावत आला. टाय, घाम, हातात वॉकी-टॉकी. आत बघितलं, आम्हाला बघितलं, तन्वीकडं वळला. “हे परत आले? हे दर रविवारी सँडविच खायला येतात, तुला माहीत नाही? कुणी सोडलं यांना आत?” मग माझ्याकडं. “ओ, कनेक्शन नसतं इथं. कळत नाही का? सँपल आहे हे. कोण साफ करणार आता हे?”

मी म्हणालो, “मग दारावर लिहा की. संडास फक्त बघायला आहे.”

“तोंड सांभाळून बोल.”

“तू सांभाळ. पाच वर्षांचं लेकरू आहे. तू रोज लोकांना सांगतोस, आपलंच घर समजा, सर. तिनं समजलं.”

त्यानं सिक्युरिटीला हाक मारली. त्या मधल्या वेळात सासू बाथरूममध्ये गेली. बसमध्ये प्यायला घेतलेलं पाणी तिच्याकडं होतं. ते थोडं, मग ती उतू घालायची राहिलेली दुधाची बाटली, असं ओतून, डब्याला गुंडाळलेल्या पेपरनं तिनं तो कमोड स्वच्छ केला. पेपर पिशवीत बांधून घेतला. बाहेर येऊन मॅनेजरला म्हणाली, “झालं, साहेब. बघून घ्या.” आणि पोरीला कडेवर घेतलं.

त्यांनी आम्हाला परतीच्या बसमध्ये बसू दिलं नाही. हायवेपर्यंत चालत निघालो. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना लोखंडी सळया आणि खडी. ऊन डोक्यावर. पोरगी सासूच्या खांद्यावर झोपून गेली होती. मी मोठी बॅग उचलली होती. सकाळी वनिताच म्हणाली होती, बॅग पण घ्या, लाइट संध्याकाळी येणार, मग तिथंच राहायचंय. ती भलतीच जड होती.

वनिता मागून चालत बोलत होती. “माय, नळ उद्या जोडणार हायत. ते मॅनेजर नवीन हाय, त्याला माहीत न्हाई. आपलं नाव त्यांच्याकडं लिवलेलं हाय. तू मनावर घिऊ नको. पुढच्या रविवारपर्यंत गॅस बी येईल.”

“वनिता, बास,” मी म्हणालो.

“बोलू द्या तिला,” सासू म्हणाली.

ती बोलत राहिली. पडद्यांबद्दल बोलली. हायवेला आल्यावरही बोलत होती.

मला वाटलं सासू दादाच्या खोलीवर येईल. रिक्षात बसताना ती म्हणाली, “स्टँडवर घ्या.” स्टँडवर बाकड्यावर पोरीला आडवी केली, डोक्याखाली पदराची गुंडाळी दिली. वनिता पोरीसाठी पाण्याची बाटली आणायला नळावर गेली. सासूनं बॅगेची चेन उघडून मला दाखवली. पोरीचे सगळे कपडे होते. हिवाळ्याचा स्वेटर, छत्री, औषधाची बाटली, तिची पाटी, तिची बाहुली, तिची ताट-वाटी. दोन दिवसांसाठी कुणी स्वेटर आणत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

“ठिऊन जायलाच आणली होती, जावईबापू,” ती म्हणाली. “दारात पाय ठिवला तवाच कळलं मला, हितं कुणी राहत न्हाई. सैपाकघराला वास नव्हता. म्हणलं, असू द्या. लेक खोटं बोलली ती लेकरासाठी बोलली. तुमच्या त्या माळ्यावर का हुईना, आईजवळ राहील. दम लागायचा आता थांबलाय तिचा. उद्या सकाळी मी एकटीच गाडीत बसणार होते.”

“मग ठेवा की मामी,” मी म्हणालो. “मी रिक्षा बोलावतो. ठेवा तिला.”

सासूनं चेन लावली.

“हात कुणाचा उठत न्हाई? मी बी मारलंय वनीला. पण मारल्यावर माणूस लेकराचा गाल बघतंय. तिनं बघितला का? ती संडास बघत हुती.” मग म्हणाली, “ती अजून तिथंच हाय, जावईबापू. त्या घरात. ती खाली उतरली की मग बगू.”

मी बॅग पायाशी ओढून घेतली. बोलण्यासारखं एकच होतं, की माझ्या बायकोला त्या घरात कुणी नेऊन बसवलं ते बघा. पण ते सासूला सांगून काय उपयोग. ज्यांना सांगायचं ते त्या स्टँडवर नव्हते, ते कुठल्याच स्टँडवर येत नाहीत.

वनिता बाटली घेऊन आली.

“माय, अंबाजोगाईची गाडी किती वाजता हाय, दाजीला विचार,” झोपेतून उठलेली पोरगी म्हणाली.

सासू माझ्याकडं न बघता म्हणाली, “अंबाजोगाईची नको. लातूरची बगा.”

वनिताच्या हातातली बाटली तशीच राहिली. ते तिला मात्र नीट ऐकू गेलं. नळ, गॅस, पडदे, सगळं एकदम थांबलं. ती बाकड्यापुढं खाली बसली आणि पोरीचा गाल हातात धरला. त्यावर आता काही नव्हतं. वळ गेला होता.

“माय,” ती म्हणाली, “न्हाई ना. माय, मी माळ्यावर ठेवते. खोटं घर नको. मी माळ्यावर ठेवते तिला.”

“हे तू शनिवारी म्हणायचं हुतं, वने.”

“आत्ता म्हणते.”

“लेकरू काय इकडून तिकडं करत राहायचं का गं?” सासू म्हणाली. तिचा आवाज फाटला. “मी म्हातारी हाय. मला एकदाच ठिवायचं हाय तिला. जिथं ठिवीन तिथंच ऱ्हाईल.”

लातूरची गाडी लागली. मी चढून जागा धरली, बॅग वर ठेवली. पोरीला खिडकी दिली. वनिता खाली उभी राहिली, चढली नाही. पोरगी खिडकीतून मला म्हणाली, “दाजी, अक्का रडायलीय.” मी म्हणालो, “असू दे, बाळा. हात दाखव तिला.” पोरीनं हात दाखवला. गाडी गेली.

सासू पुढं सहा महिन्यांनी वारली. ऋतुजा लातूरला शाळेत गेली. आता कॉलेजात आहे, हुशार आहे, उज्ज्वलाला आई म्हणते. उज्ज्वलाच्या नवऱ्याला पप्पा. त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही दिवाळीत जातो, दोन दिवस राहतो, पाहुण्यासारखं करतात ती माणसं आमचं. ऋतुजा आम्हाला आता मावशी आणि काका म्हणते. कुणी हसत नाही.

वर्कशॉप अजून तिथंच आहे.

आणि तो पुढचा रविवार. मला वाटलं होतं, वनिता आता माळ्यावरून उतरणार नाही. आठवडाभर ती धड जेवली नव्हती, कुणाशी बोलली नव्हती. सकाळी वहिनीचे भाऊ आले, खोली भरली, आणि वहिनी म्हणाली, “जा गं, जरा फिरून या दोघं. मन रमेल.” वनिता उठली. इस्त्रीची साडी नेसली. मला म्हणाली, “चला.”

मी विचारलं नाही कुठं. दुसऱ्याच एका बिल्डरची बस होती, दुसऱ्याच दिशेला. तिथं कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. सेल्सला एक तरुण पोरगा होता, नवीनच लागलेला असावा, फार अदबीनं बोलत होता. त्यानं कॉफी आणून दिली, समोर बसला.

“फॅमिलीत किती जण आहात, सर?”

मी कप खाली ठेवला. मी तोंड उघडायच्या आत वनिता म्हणाली, “दोघं.”

“मग टू बीएचके कशाला बघायचा, मॅडम?” तो हसून म्हणाला. “वन बीएचके बघू या. दोघांना भरपूर होतो.”

तो उठला आणि पुढं झाला. वनिता उठली आणि त्याच्या मागं चालायला लागली.